चांदीचे कण मोजायला निघाले तेव्हा

१२ जूनला रात्री साडेआठच्या सुमाराला जर्नलची मेल आली, चांदीच्या अतिसूक्ष्म कणांवरच्या माझ्या पेपरबद्दल. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे. भाचीनं मोबाईल समोर धरला आणि तसंच वाचलं. ‘मायनर रिव्हिजन’ नव्हे, ‘मेजर’, म्हणजे मोठी दुरुस्ती. पहिल्या परीक्षकाच्या शंका किरकोळ होत्या. दुसऱ्यानं मात्र दोन ओळींत घाम फोडला. तुमचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो सुकलेल्या कणांचे आहेत, हे कण वापरायचे आहेत द्रवात, तेव्हा द्रवात असताना त्यांचा आकार किती आणि लहानमोठ्यांचं प्रमाण काय ते डीएलएसनं मोजून दाखवा. मुदत ६० दिवस. बोटांवर हिशेब केला, ११ ऑगस्ट.

डीएलएस म्हणजे डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग. पीएचडीच्या कोर्सवर्कला त्यावर दहा मार्कांची टीप लिहून पास झाले होते. यंत्र मात्र कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तासिका तत्त्वावर शिकवत एका बाजूला पीएचडी रेटणारे आम्ही लोक. आमच्या कॉलेजात सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, आणि त्याच्यावरही टेबलक्लॉथ घातलेला असतो. तुम्हीही असेच कुठं अडकला असाल तर पुढचं वाचून थोडा धीर येईल, निदान मी केलेली एक चूक तरी टळेल.

माझं माहेर कोल्हापूरजवळच्या हुपरीचं. वडिलांची, म्हणजे आप्पांची, अख्खी हयात चांदीचे पैंजण करण्यात गेली. मी पण चांदीच करते, फक्त डोळ्यांना न दिसणारी. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण उकळत ठेवायचं, त्यात सोडियम सायट्रेट थेंबाथेंबानं सोडायचं, आणि पाणी हळूहळू पिवळं होत जातं ते बघत उभं राहायचं. आप्पांना पहिल्यांदा ती बाटली दाखवली तेव्हा ते म्हणाले होते, “व्हय गं, ही चांदी म्हणायची? हिला तर सोन्याचा रंग.” त्यांना सांगितलं की कण इतका बारीक झाला की चांदीचा रंग बदलतो. त्यांनी बाटली उजेडात धरून दोनदा फिरवली आणि काही न बोलता खाली ठेवली.

१३ तारखेपासून यंत्राचा शोध सुरू. जवळपासच्या एका प्रयोगशाळेत ते होतं, पण दुरुस्तीला गेलेलं. दुसरीकडं नंबर लागायला दीड महिना. सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, आय-स्टेम पोर्टलवर बघायला सांगितलं. देशातल्या संशोधन संस्थांची यंत्रं कुठं कुठं आहेत आणि बाहेरच्यांना वापरायला मिळतात का, ते या सरकारी पोर्टलवर सापडतं. नोंदणीला गाइडचा ईमेल लागतो, त्यांच्या मेलवर येणाऱ्या लिंकवर त्यांनी क्लिक करेपर्यंत तुम्ही अधांतरी. आमच्या सरांच्या इनबॉक्समध्ये न वाचलेल्या साडेचार हजार मेल आहेत. लिंक शोधण्यात एक दिवस गेला.

पुण्यातली एक संस्था ठरली. एका नमुन्याला ७०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. माझे नमुने तीन, तीन वेगवेगळ्या वेळी केलेल्या बॅचचे. २,१०० आणि ३७८ मिळून २,४७८ रुपये. फॉर्मवर माझी सही, गाइडची सही, विभागप्रमुखांची सही आणि शिक्का. विभागप्रमुख कॅपवर, म्हणजे विद्यापीठाच्या पेपर तपासणी केंद्रावर, म्हणून तीन दिवस थांबले. मग फॉर्ममधला संस्थेचा जीएसटी नंबर हा रकाना आला. ऑफिसातल्या काकांनी चष्मा वर करून विचारलं, “कॉलेजला कसला जीएसटी नंबर?” शेवटी संस्थेला फोन केला, तेव्हा कळलं की तिथं ‘अनरजिस्टर्ड’ लिहिलं की चालतं. हा फोन पहिल्या दिवशी केला असता तर दोन दिवस वाचले असते.

उरलेले रकाने मी कसे भरले ते आता कबूल करते. माझ्याबरोबरचा एक जण प्रोटीनवर काम करतो, त्यानं आधी याच संस्थेकडं नमुने पाठवले होते. त्याचा भरलेला फॉर्म मी समोर ठेवला आणि जिथं समजलं नाही तिथं त्यानं जे लिहिलं होतं तेच उतरवलं. शाळेत गणिताची वही उतरवायचो तसं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

२४ जूनला कुरिअर. ‘लिक्विड’ म्हणताच काउंटरवरच्या पोरानं डबा मागं सरकवला. नमुन्याचं सेफ्टी डेटा शीट, कॉलेजच्या लेटरहेडवर ‘ज्वलनशील नाही, संसर्गजन्य नाही’ असं पत्र, आणि गळती होणार नाही असं बांधलेलं पार्सल, एवढं दाखवल्यावर घेतलं. ३५० रुपये. नळ्यांवर फॉइल गुंडाळलं, कारण चांदीला उजेड चालत नाही. थंड ठेवायला जेलपॅक टाकला, पण गोठू द्यायचं नाही. गोठलं की कण एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावर सुटे होत नाहीत. नळीवरचं नाव साध्या मार्करनं लिहू नका. घामानं, गळतीनं, बर्फाच्या पाण्यानं ते जातं. पेन्सिलीनं लिहून वरून पारदर्शक टेप लावा.

११ जुलैला रिपोर्ट आला. तीन पीडीएफ. मी सरळ शेवटच्या आकड्यावर गेले, जसा निकाल बघताना माणूस विषयवार मार्क सोडून टक्क्यांवर जातो. सरासरी व्यास ४८६ नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर). पीडीआय, म्हणजे कण किती लहानमोठे आहेत याचा निर्देशांक, ०.६२. दुसरी बॅच ५३१. तिसरी ६१२.

फोटोत माझे कण ५२ नॅनोमीटरचे होते. शंभरावर कण मोजून काढलेली सरासरी. मग हे दसपट कुठून आलं? त्या रात्री झोप लागली नाही. वाटलं, दोन वर्षं मी जे बनवत होते तो गाळच होता आणि फोटो काढणाऱ्यानं त्यातले बरे दिसणारे कण निवडून दिले. सरांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, “रिपोर्ट नीट वाच.” मी नीट वाचला. म्हणजे तोच आकडा पुन्हा पुन्हा वाचला.

यातून सुटले ती वेगळ्याच वाटेनं. टी.वाय.च्या पोरांना जुलैत ब्राउनियन हालचालीचं, म्हणजे द्रवातल्या बारीक कणांच्या आपोआप चालणाऱ्या वळवळीचं, प्रात्यक्षिक दाखवायचं असतं. दरवर्षी फळ्यावर वाकडीतिकडी रेघ काढून मोकळी होते. यंदा डोक्यात कणच कण होते म्हणून म्हटलं, खरंच बघू. आमच्या कॉलेजात मायक्रोस्कोप बरा आहे. मोबाईल आयपीसवर धरला की हात हलतो, म्हणून एका पोरानं वडिलांच्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या वर्कशॉपमधून लेथवर नायलॉनची कडी टर्न करून आणली, आयपीसवर घट्ट बसणारी. पैसे विचारले तर वडील म्हणाले म्हणे, चहा पाजा. दुसरा पोरगा पहाटे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून म्हशीचं धारोष्ण दूध घेऊन आला. येताना निम्मं स्वतः प्याला, हे त्यानं स्वतःच सांगितलं.

दुधात लोण्याचे गोल थेंब असतात. कच्च्या दुधातले बरेचसे काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाण्यात हजारपट पातळ करून काचपट्टीवर थेंब ठेवला. मोठमोठे गोळे दिसले, पण ते जेमतेम थरथरत होते. पोरांचा विरस झाला. मग दुकानातून होमोजिनाइज्ड दुधाचा टेट्रापॅक आणला. होमोजिनाइज करताना दूध मोठ्या दाबानं बारीक फटीतून ढकलतात, त्यामुळं थेंब फुटून एक मायक्रॉनच्या आत येतात. ते पट्टीवर ठेवले आणि वर्गात एकदम गलका झाला. सगळं दूध नाचत होतं. एकही कण जागेवर नाही. कुणी ढकलत नाही, पंखा बंद, खिडकी बंद, तरी अखंड वळवळ.

हे रॉबर्ट ब्राउननं १८२७ मध्ये परागांतल्या बारीक कणांत पाहिलं. १९०५ मध्ये आइन्स्टाइननं सांगितलं की पाण्याचे रेणू सगळीकडून धडका देतात म्हणून हे घडतं, आणि कण किती लांब भटकेल याचा हिशेबही मांडला. चारपट वेळ दिला तर कण चारपट लांब जात नाही, दुप्पट जातो. कारण तो पुढं जातो तसा मागंही येतो. फ्रान्सच्या जाँ पेरँनं ते प्रत्यक्ष मोजलं आणि त्याला १९२६ चं नोबेल मिळालं. त्याचे कण गॅम्बोजचे होते, म्हणजे एका झाडाच्या पिवळ्या चिकाचे. आपल्या कोकमाचंच ते भाऊबंद झाड. सगळे कण सारख्या मापाचे मिळावेत म्हणून त्यानं किलोभर चीक घेऊन महिनोन्महिने सेंट्रिफ्यूजवर वेगळा केला आणि हाती राहिले ग्रॅमच्या काही दशांशांएवढे कण. हे वाचलं तेव्हा माझे तीन आठवडे मला एकदम सुसह्य वाटले.

पोरांनी व्हिडिओ काढला, सेकंदाला ३० फ्रेम. मायक्रोस्कोपची स्केल ठरवायला स्टेज मायक्रोमीटर लागतो, म्हणजे एका मिलिमीटरचे शंभर भाग केलेली काचपट्टी. फिजिक्सच्या कपाटात मिळाली, १९८० च्या दशकातली असावी. पहिल्या व्हिडिओत सगळे कण एका दिशेला वाहत होते. कडेनं पाणी सुकत असलं की असा ओढा लागतो. कव्हरस्लिपच्या चारी कडा नेलपॉलिशनं बंद केल्या आणि ओढा थांबला. इमेजजे हे फुकट सॉफ्टवेअर आणि त्यातलं ट्रॅकमेट, यांनी एकेका कणाचा माग काढता येतो. २३ कणांचे माग धरले. त्यांची चाल, म्हणजे विसरण गुणांक, सेकंदाला सरासरी ०.६२ चौरस मायक्रॉन निघाला.

इथून व्यास काढायचा तर आइन्स्टाइनच्या सूत्रात चारच गोष्टी लागतात: बोल्ट्झमनचा स्थिरांक, तापमान, द्रवाचा चिकटपणा आणि ही चाल. कण जितका मोठा तितकी चाल कमी, द्रव जितका चिकट तितकी चाल कमी. खोलीचं तापमान २७ अंश. व्यास निघाला ०.८३ मायक्रॉन. खरा आकडा याहून थोडा कमी असणार, कारण लोणी वर तरंगतं, कण काचेला लागून फिरतात, आणि काचेजवळ चाल मंदावते. तरी दुधाच्या थेंबाचं माप मोबाईलवर काढलं होतं. पोरांनी त्याचा स्टेटस ठेवला.

मी मात्र घरी येऊन वेगळ्याच विचारात. डीएलएसचं यंत्रही हेच करत असणार! ते कणाचा फोटो काढत नाही, पट्टी लावत नाही. लेझरचा प्रकाश कणांवरून विखुरतो, कण हलतात म्हणून तो प्रकाश लुकलुकतो, लहान चपळ कणांची लुकलुक जलद आणि मोठ्या सुस्त कणांची सावकाश. यंत्र फक्त लुकलुक बघतं, तीवरून चाल काढतं, आणि व्यास सूत्रातून येतो. म्हणजे तापमान आणि चिकटपणा कुणीतरी यंत्राला सांगावा लागतो. २० अंशाला पाण्याचा चिकटपणा १.०० मिलिपास्कल-सेकंद, २५ अंशाला ०.८९. पाच अंशांची गफलत झाली तरी व्यास दहा-बारा टक्क्यांनी चुकतो. मग माझ्या रिपोर्टला त्यांनी कुठला चिकटपणा धरला होता?

२१ जुलै, रविवार, बाहेर धो धो पाऊस. पीडीएफ पुन्हा उघडली, या वेळी वरून. तापमान २५ अंश, बरोबर. चिकटपणा जवळपास पाण्याचाच, बरोबर. आणि त्याच्या वरची ओळ: डिस्पर्संट (म्हणजे नमुना ज्यात पातळ केला तो द्रव), पीबीएस.

पीबीएस म्हणजे फॉस्फेट बफर सलाइन. प्रोटीनवाले वापरतात. त्यात लिटरला १३७ मिलिमोल मीठ असतं. माझे चांदीचे कण एकमेकांपासून दूर राहतात ते सायट्रेटमुळं आलेल्या ऋण भाराच्या जोरावर. मीठ टाकलं की तो भार झाकला जातो आणि कण एकमेकांना बिलगतात. फॉर्ममधल्या ‘कशात पातळ करायचं’ या रकान्यात मित्राचं पीबीएस मी जसंच्या तसं उतरवलं होतं. संस्थेनं इमानानं त्यातच पातळ केलं. त्यांची तसूभर चूक नव्हती. ४८६ नॅनोमीटर हे माप खरंच होतं, फक्त ते माझ्या कणांचं नसून मी केलेल्या गोळ्यांचं होतं.

खात्री करायला स्वयंपाकघरात गेले. उरलेला पिवळा नमुना चमचाभर वाटीत घेतला आणि मिठाची चिमूट टाकली. मिनिटभरात पिवळा रंग मळून राखाडी झाला. मी हसले की रडले ते आठवत नाही. आईनं वाटी पाहून विचारलं, हे काय सांडलंस? तेवढं खरं की ती वाटी नंतर पुन्हा जेवणात आली नाही, आणि तुम्ही करून बघणार असाल तर घरातली वाटी घेऊ नका.

२२ जुलैला सकाळी संस्थेला फोन करून सरळ सांगितलं की चूक माझी आहे, पुन्हा मोजायचंय, आणि जमलं तर शेजारी बसायचंय. बसायला परवानगी मिळेल अशी आशा नव्हती. ऑपरेटर ताई म्हणाल्या, “या की. लोक येतच नाहीत, नुसते डबे पाठवतात.” १ ऑगस्टची वेळ दिली, सकाळी साडेदहा. पुन्हा तेवढेच पैसे. एका नमुन्याचा झीटा पोटेन्शियलही, म्हणजे कणांभोवतीच्या विद्युतभाराचं मापही, मोजायचा ठरवला, ९०० अधिक जीएसटी, म्हणजे १,०६२. एकूण ३,५४०. फॉर्म पुन्हा, सह्या पुन्हा. या वेळी पातळ करण्याच्या रकान्यात लिहिलं: ०.२२ मायक्रॉननं गाळलेलं डीआयोनाइज्ड पाणी. दोनदा वाचलं. सरांना वाचायला लावलं.

त्या आठवड्यात पंचगंगा चढत होती. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यावर असतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. मी एका टॅबवर पाणीपातळी आणि दुसऱ्या टॅबवर डीएलएसचे व्हिडिओ बघत होते. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ पुण्याचा हायवे पाण्याखाली गेला होता, ते डोक्यात होतंच. ११ ऑगस्ट पुढं सरकत नव्हता. ३० जुलैला पाणी उतरायला लागलं तेव्हा कुठं जीवात जीव आला.

३१ जुलैच्या रात्री सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, एसटी धरली. महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळं रिक्षा, जेवण सगळं धरून दोन दिवसांत ९०० रुपयांत भागलं. नळ्या थर्मासमध्ये घालून मांडीवर. शेजारच्या मावशींनी विचारलं, डबा आहे का? म्हटलं, व्हय. समजावत कुठं बसणार.

लॅबमध्ये ताईंनी आधी माझे नमुने बाजूला ठेवले आणि १०० नॅनोमीटरचे ठरीव पॉलिस्टायरिन कण मोजले. यंत्र ठीक आहे ना, हे आधी बघायचं. आपला रिपोर्ट कुरिअरनं मागवला असला तरी त्या दिवशीचं स्टँडर्डचं माप मागायला लाजू नका. मग क्युव्हेट. ही चौकोनी प्लास्टिकची कुपी, चार बाजूंना वरच्या कडेशीच धरायची, खाली बोट लागलं की डाग प्रकाशाच्या वाटेत येतो. गाळलेल्या पाण्यानं तीनदा विसळून उपडी ठेवलेली. आत टिश्यू घालायचा नाही, त्याचे तंतू सुटतात. मिलिलिटरभर नमुना, तिरपी धरून हळू सोडायचा म्हणजे बुडबुडा राहत नाही. आत ठेवल्यावर दोन मिनिटं नुसतं थांबायचं, नमुना २५ अंशांवर येईपर्यंत.

ताई आकड्याकडं बघतच नव्हत्या. त्या कोरिलेशनची रेघ बघत होत्या, म्हणजे प्रकाशाची लुकलुक किती वेळात बदलून जाते ते दाखवणारी. डावीकडं सपाट, मग एक सलग घसरण, मग शून्याला टेकलेली. “घसरण एका मिलिसेकंदाच्या आत झाली, म्हणजे कण लहान आहेत. शेपटीला अशी उचकी लागली की समजायचं धूळ.” माझ्या पहिल्या मापात ती उचकी होतीच. चित्रात ८० च्या आसपास मोठा उंचवटा आणि पार उजवीकडं पाच हजार नॅनोमीटरला एक टेंगूळ.

टेंगळाचं मला फार वाईट वाटलं. ताई म्हणाल्या, घाबरू नका. इतक्या लहान कणाचा विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो. दहा नॅनोमीटरचा कण आणि शंभराचा कण, व्यासात फरक दहापट, प्रकाशात दहा लाखपट. गल्लीत हजार जण कुजबुजत असू देत, कोपऱ्यावर एकानं हलगी धरली की दुसरं काही ऐकू येत नाही, तसं हे. चार धुळीचे कण अख्खं चित्र फिरवतात. पाणी पुन्हा गाळलं, नवीन क्युव्हेट घेतली, टेंगूळ गेलं. नमुना मात्र गाळायचा नाही, आपलेच कण गाळणीत अडकतील आणि मग आकडा छान येईल पण खोटा.

मग पातळ करत जायचं. मूळ नमुना घट्ट असला की प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर आपटत फिरतो आणि माप खऱ्यापेक्षा लहान येतं. आम्ही आधी पाचपट, मग दहापट, मग वीसपट पातळ केलं. दहा आणि वीसला आकडा तोच आला, तिथं थांबलो. प्रत्येकाची तीन मापं. तिन्हींत व्यास चढत गेला तर कण चिकटताहेत, प्रकाशाची मोजणी उतरत गेली तर गाळ बसतोय. पहिली बॅच ७८ नॅनोमीटर, पीडीआय ०.१९. दुसरी ८३, पीडीआय ०.२२. झीटा उणे ३४ मिलिव्होल्ट. तिसाच्या पुढं असला की कण एकमेकांना दूर ठेवतात असं साधारण धरतात.

फोटोत ५२ आणि इथं ७८ का, हा प्रश्न परीक्षक विचारणारच. फोटोत दिसतो तो सुका धातूचा गाभा. द्रवात कण आपल्याभोवती सायट्रेट आणि पाण्याचा थर घेऊन फिरतो, आणि चाल त्या सगळ्या लवाजम्याची मोजली जाते. शिवाय सहाव्या घातामुळं सरासरी मोठ्यांच्या बाजूनं झुकते.

इथं एक गोष्ट सांगून टाकते. सॉफ्टवेअर त्याच मापाची तीन चित्रं देतं: प्रकाशावरून, घनफळावरून आणि संख्येवरून. संख्येचं चित्र सगळ्यात देखणं असतं, कारण त्यात लहान कणांना बहुमत मिळतं. माझ्या पहिल्या बॅचचं संख्येवरून ४६ येत होतं, फोटोच्या जवळ. कितीतरी पेपरांत लोक गुपचूप तेच छापतात. पण मूळ माप प्रकाशाचं असतं. बाकीची दोन त्यातून गणितानं काढलेली, आणि त्यात चांदीचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो तो आकडा, किती धरलात यावर ती हलतात. मी ७८ छापलं, शेजारी पीडीआय, तापमान, पातळ कशात केलं, किती वेळा मोजलं. पीडीआय ०.७ च्या वर गेला असता तर ही पद्धतच त्या नमुन्याला लावू नये, असं ताईंनी बजावलं.

तिसरी बॅच साध्या पाण्यातही २४० आली, पीडीआय ०.४८. तीनदा मोजलं, प्रत्येक वेळी वाढतच गेली. ती चार महिने जुनी होती आणि बाटली मध्यंतरी खिडकीत राहिली होती. तिचा दोष पीबीएसवर टाकता येईना.

परतीच्या एसटीत साताऱ्यापर्यंत झोपले. हुपरीला गेले तेव्हा आप्पांनी विचारलं, त्या बाटलीत चांदी किती? हिशेब करून सांगितलं, दहा मिलिलिटरला साधारण एक मिलिग्रॅम. “आणि मोजायला खर्च?” कुरिअर ३५०, गाळण्या ६०० आणि वर सांगितलेले सगळे धरून ७,८६८ रुपये. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमच्यात काट्यापेक्षा माल महाग असतो.”

९ ऑगस्टला उत्तर पाठवलं, दोन दिवस आधी. तिसरी बॅच पेपरातून काढली आणि का काढली ते परीक्षकाला लिहिलं. सध्या पोर्टलवर ‘अंडर रिव्ह्यू’ दिसतंय. बिल मात्र ऑफिसातून परत आलं, पावतीवर कॉलेजच्या नावाऐवजी माझं नाव आहे म्हणून; तेव्हा पैसे भरताना ‘पावती कुणाच्या नावे’ हा रकानाही बघून घ्या. ताईंना मेल केली आहे, त्या बदलून देतो म्हणाल्यात. तिसरी बॅच नव्यानं केली आहे, या वेळी बाटली कपाटात आहे, आणि तिच्या मापाची वेळ १७ सप्टेंबरला मिळाली आहे.